दानशूर अकिंचन : श्री गाडगे महाराज

महोत्सवाचे वर्ष म्हणजे देणगीचे वर्ष, आणि तितकेच ते खर्चाचेही वर्ष होय. मंडप उभारावयाचा, वेदी शृंगारावयाची, दूरदूरच्या पाहुण्यांस जेवू घालावयाचे, स्मरणिका छापावयाची. ह्या सर्वांस द्रव्य लागते आणि श्रद्धाळू मंडळी ते संतोषाने देतात. म्हणून अशाच वर्षी औदार्य ह्या सद्गुणाचा थोडा विचार करणे उचित ठरेल. देणे चांगले, हे आपण सर्वच जाणतो. परंतु कोठे द्यावे, किती द्यावे आणि कोठे हात आखडावा, हे जाणणारे थोडे.

अरिस्टॉटल ह्या ग्रीक तत्त्ववेत्त्याने आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात ह्या विषयाची चिकित्सा केली आहे. त्याच्या मते औदार्य हा दोन दुर्गुणांच्या मधोमध उभा असलेला सद्गुण आहे. एका बाजूस उधळेपणा, दुसऱ्या बाजूस कृपणता. उदार मनुष्याची परीक्षा दिलेल्या रकमेवरून करावयाची नसते. देणाऱ्याची ऐपत, घेणाऱ्याची गरज आणि देण्याची वेळ ही तिन्ही पाहावी लागतात. त्याने आणखी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली आहे. उधळ्या मनुष्याचे द्रव्य लवकर संपते, आणि मग उधळण चालू ठेवण्यासाठी तो नको तेथून घेऊ लागतो. अर्थात जो एका हाताने उधळतो त्याचा दुसरा हात कोणाच्या तरी खिशात असतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास ह्यांनी हाच विचार ख्रिस्ती नीतिशास्त्रात सामावून घेतला. अरिस्टॉटल ख्रिस्ती नव्हता म्हणून त्याचे सत्य त्यांनी नाकारले नाही. सत्य कोणाच्याही मुखातून आले तरी त्याचा उगम एकच, अशी त्यांची धारणा होती.

हाच आदर्श पुढे ठेवून आपणही आज एका अशा पुरुषाचे चरित्र पाहू, जो आपल्या ख्रिस्तसभेचा सभासद नव्हता, परंतु ज्याच्या जीवनात हा मध्यम मार्ग डोळ्यांना दिसेल इतका स्पष्ट उमटला आहे. त्यासाठी ग्रीस किंवा इटली देशात जावयास नको. आपला गोंदिया जिल्हा विदर्भाच्या पूर्व टोकास आहे; त्याच विदर्भाच्या पश्चिम भागात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी हा पुरुष जन्मास आला. त्याचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्यास गाडगे महाराज अथवा गाडगेबाबा म्हणून ओळखले.

डेबूजींचा जन्म परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी ह्यांस दारूचे व्यसन जडले आणि त्या व्यसनानेच त्यांचा अकाली अंत झाला. डेबूजी त्या वेळी अवघे आठ वर्षांचे होते. आई सखूबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे ह्या माहेरच्या गावी आली. तेथे मामाच्या घरी डेबूजी वाढले. गुरे राखावी, शेत नांगरावे, मोट हाकावी, रात्री भजनात बसावे, असे त्यांचे बालपण गेले. शाळेचे तोंड त्यांस दिसले नाही. तथापि एक धडा त्यांस लहानपणीच मिळाला होता : घरात येणारा पैसा कोणत्या दाराने बाहेर जातो ह्यावर त्या घरातील लेकरांचे भवितव्य ठरते.

दुसरा धडा मामाच्या शेतावर मिळाला. मामा चंद्रभान ह्यांनी सावकाराकडून कर्ज घेतले होते. साध्याभोळ्या शेतकऱ्याचा व्यवहार तोंडी आणि सावकाराचा व्यवहार कागदावर. त्यात जे व्हावयाचे तेच झाले. कर्ज वाढत गेले, जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामा खचून मरण पावले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा तरुण डेबूजी त्यांच्यासमोर ठाम उभे राहिले. ह्या प्रसंगाने त्यांस उधळेपणा व लोभ ह्या दोहोंची गाठ कशी पडते ते दाखविले. ऋण काढून सण करणारा एका टोकास आणि त्याच्या ऋणावर पोसणारा दुसऱ्या टोकास; मध्ये भरडली जातात ती बायकामुले.

डेबूजींचा विवाह कुंताबाई ह्यांच्याशी झाला होता. पहिली कन्या जन्मास आली तेव्हा बारशाचा प्रश्न उभा राहिला. जातीच्या रीतीप्रमाणे अशा प्रसंगी बकरे कापून भाऊबंदांस मटणाचे जेवण आणि दारू द्यावी लागे. ऐपत असो वा नसो, रीत चुकवावयाची नाही; चुकविल्यास पंचांचा रोष. डेबूजींनी भाऊबंदांस बोलाविले, पंगत मांडली, परंतु पानावर गोड जेवण वाढले. दारूचा थेंब नाही, मटणाचा तुकडा नाही. मंडळी रागावली, निंदा झाली. डेबूजी डगमगले नाहीत. ह्या लहानशा प्रसंगात औदार्याचे सारे रहस्य आहे. कृपण मनुष्याने पंगतच टाळली असती. उधळ्याने कर्ज काढून बकरे कापले असते. डेबूजींनी पाहुण्यास पोटभर जेवू घातले, आणि ज्या दारूने आपले पितृछत्र हरपले तिच्यावर एक दमडीही खर्चिली नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा शिवलेला अंगरखा, डोईवर मातीचे गाडगे, हातात खराटा, एवढाच त्यांचा संसार. पुढील बारा वर्षे ते गावोगाव फिरत राहिले. कोणत्याही गावात पाऊल टाकले की प्रथम ते रस्ते झाडीत, गटारे साफ करीत, कोणाची लाकडे फोडून देत. मग कोणी दिलेली भाकरी त्याच गाडग्यात घेऊन खात. कष्ट केल्याविना खावयाचे नाही, हा त्यांचा नियम होता. लोकांनी त्या गाडग्यावरूनच त्यांचे नाव ठेविले. पाया पडू देणे त्यांस रुचत नसे, शिष्य करणे त्यांस मान्य नव्हते.

येथे वाचकाने क्षणभर थांबून एक तुलना करावी. कृपण मनुष्यही चिंध्या नेसतो. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो तोही शिळे खातो व फाटके पांघरतो. वरवर पाहता त्याच्यात आणि गाडगेबाबांत भेद दिसत नाही. परंतु कृपणाची काटकसर त्याच्या तिजोरीत जाऊन थांबते, आणि गाडगेबाबांची काटकसर वाहत्या पाटासारखी दुसऱ्याच्या शेतात जाते. धान पिकविणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. तळ्यात साठलेले पाणी बांधीपर्यंत पोहोचले नाही तर पीक वाळते. बांध फुटून एकदम वाहिले तर पीक कुजते. पाटाचे दार वेळेवर उघडणारा आणि वेळेवर लावणारा हातच पीक वाचवितो.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीचा काठ चिखलाचा व निसरडा. स्नानास उतरणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हाल होत. गाडगेबाबांनी तेथे श्रमदानाने व लोकांच्या साहाय्याने घाट बांधविला. यात्रेत आंधळे, पांगळे, महारोगी ह्यांस ते आपल्या देखरेखीखाली जेवू घालीत आणि वस्त्रे देत. ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. महोत्सव साजरा करणाऱ्या आपणांस हे नाव विशेष विचार करावयास लावील. जुन्या करारातील लेवीय ह्या पुस्तकात पन्नासाव्या वर्षाची जी आज्ञा आहे, तिच्यात गहाण गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी आणि दास झालेल्याने मुक्त होऊन आपल्या कुळात परतावे असे सांगितले आहे. आज आपण ज्यास ज्युबिली म्हणतो तिचे मूळ हे. ज्याच्या मामाची जमीन सावकाराने नेली होती त्या पुरुषाने आपल्या सार्वजनिक सेवेचा आरंभ ऋणमोचनाच्या काठी करावा, ह्यात एक गूढ औचित्य दिसते.

ऋणमोचनानंतर कामाचा व्याप वाढत गेला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे गरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापूर येथे गोरक्षण व धर्मशाळा झाली. ठिकठिकाणी शाळा, वसतिगृहे, सदावर्ते निघाली. मुंबईस जे. जे. रुग्णालयात दूरदूरच्या खेड्यांतून आलेल्या रोग्यांचे नातलग रस्त्याच्या कडेस पडून राहत. त्यांच्यासाठी १९५४ साली धर्मशाळा झाली. जवळचे कोणी आजारी असता परक्या शहरात उघड्यावर रात्र काढावी लागणे म्हणजे काय, हे ज्या कुटुंबांनी सोसले आहे त्यांस ह्या कामाचे मोल निराळे सांगावयास नको.

हे द्रव्य कोठून आले? गाडगेबाबांपाशी स्वतःचे काही नव्हते, आणि ते पैसा जवळ ठेवीतही नसत. सायंकाळी ते कीर्तनास उभे राहत आणि वऱ्हाडी बोलीत हजारो लोकांस प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत. देवाच्या नावे मुके जनावर का मारता? लग्नासाठी कर्ज का काढता? यात्रेस जाण्यासाठी घर गहाण का टाकता? अशी त्यांच्या प्रश्नांची धाटणी असे. जेवणाची ताटे विकावी लागली तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खाता येईल, परंतु मुलांस शाळेत घातल्याविना राहू नये, असा त्यांचा आग्रह होता. जो मनुष्य मुलांच्या शिक्षणासाठी ताट विकावयास सांगतो त्यास कृपण म्हणता येत नाही. आणि जो लग्नातील थाटास विरोध करतो त्यास उधळ्या म्हणता येत नाही. जेथे आयुष्य घडते तेथे सर्वस्व, जेथे केवळ मिरवणे तेथे शून्य. हाच त्यांचा जमाखर्च होता. त्यांच्या कीर्तनाने ज्यांचे दारू व कर्ज ह्यांतून पैसे वाचत, तीच माणसे धर्मशाळेच्या दगडचुन्यासाठी हात पुढे करीत. श्रीमंतांनीही मोठमोठ्या देणग्या दिल्या. पण त्या बाबांच्या हाती न पडता थेट कार्यास लागत, आणि संस्थांचा कारभार विश्वस्तांकडे सोपविला जाई.

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे त्यांचे कीर्तन चालू असता एकुलता एक पुत्र गोविंद वारल्याची वार्ता आली. कीर्तन थांबले नाही. जगात नित्य किती तरी माणसे मरतात, त्यांत आपल्या एकाचाच शोक किती करावा, अशा आशयाचे बोलून ते पुन्हा लोकांच्या कामाकडे वळले.

हा प्रसंग वाचून कोणाच्या मनात एक शंका उभी राहील, आणि ती दडवून ठेवणे बरे नव्हे. पत्नीस व लेकरांस मागे ठेवून जगास अन्न देत फिरणे हे औदार्य कसे? बाबांनी आपल्या नातलगांचा ह्या संस्थांवर हक्क राहू नये अशी दक्षता घेतली. मूर्तिजापूर येथे धर्मशाळा उभी राहिली, तरी कुंताबाईंनी झोपडीतच दिवस काढले. लोकांनी दिलेल्या अन्नातील घास घरच्यांच्या मुखी जाऊ नये, इतका तो कडक नेम. संत पौलाने तिमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्वकीयांची तरतूद न करणाऱ्यास कठोर शब्द लाविले आहेत, हे आपण जाणतो. तेव्हा गृहस्थाश्रमी मनुष्याने गाडगेबाबांचे सर्वच अनुकरण करावे असे कोणी म्हणणार नाही. घरच्या लेकरास उपाशी ठेवून बाहेर दान करणारा बाप उदार ठरत नाही. तोही मान मिळविण्यासाठी उधळणाराच होय. गाडगेबाबांचा मार्ग वैराग्याचा होता आणि त्याचे मोल त्यांच्यापेक्षाही कुंताबाईंनी अधिक भरले. त्या माउलीचे नाव कोणत्याही धर्मशाळेच्या दारावर दिसो वा न दिसो, त्या दगडचुन्यात तिच्या उपासाचाही वाटा आहे, हे त्यांचे चरित्र वाचणाऱ्याने विसरू नये.

तथापि त्या कडक नेमातून सार्वजनिक द्रव्य सांभाळणाऱ्या प्रत्येकाने घेण्यासारखा बोध आहे. लोकांनी दिलेला पैसा लोकांचा. तो हाताळणाऱ्याने स्वतःच्या बाबतीत कृपण असावे आणि गरजवंताच्या बाबतीत मुक्तहस्त असावे. पुष्कळांच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा झालेला आपण पाहतो.

पंढरपूरच्या धर्मशाळेची कथा ह्याहून मोठी आहे. ज्यांस अस्पृश्य म्हणून इतर धर्मशाळांत थारा मिळत नसे त्यांच्यासाठी बाबांनी तेथे संत चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधविली. पुढे ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. निरक्षर पुरुषाने कष्टाने उभारलेली इमारत शिक्षणासाठी देऊन टाकली. बांधणे हे औदार्य खरे. परंतु बांधलेले आपले न मानता सोडून देणे हे त्याहून कठीण. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिक्षणकार्यासही बाबांचा मोठा आधार होता; १९५४ साली कराड येथे रयत शिक्षण संस्थेने काढलेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराज हे नाव देण्यात आले. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन कार्याची घडी बसली.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर निवर्तले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीकडे जात असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी मोटारीतच देह ठेविला. आयुष्यभर ज्यास स्वतःचे घर नव्हते त्यास मरणही वाटेवरच आले. त्यांची समाधी अमरावतीस गाडगेनगर येथे आहे. २०००-०१ ह्या वर्षी महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छतेचे अभियान त्यांच्या नावे सुरू केले, आणि अमरावतीच्या विद्यापीठासही आज त्यांचेच नाव आहे. ज्याने शाळेची पायरी चढली नाही त्याच्या नावाची पदवी घेऊन विदर्भाचे तरुण बाहेर पडतात.

गाडगेबाबांच्या शिकवणीचे सार दहा गोष्टींत सांगण्याची प्रथा आहे. भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, उघड्यानागड्यास वस्त्र, गरीब मुलामुलींस शिक्षण, बेघरास आसरा, आंधळ्या-पांगळ्या व रोग्यास औषधोपचार, बेकारास रोजगार, मुक्या प्राण्यास अभय, गरीब तरुणतरुणींचे लग्न आणि दुःखी व निराशास धीर. प्रिय धर्मग्रामस्थहो, ही यादी वाचताना संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण पाठ केलेली शारीरिक दयेची कृत्ये तीच आहेत. भुकेला, तान्हेला, उघडा, परका, रोगी ही माणसे तीच आहेत. अंतिम दिवशी न्यायाधीश ज्या प्रश्नांवरून आपली परीक्षा घेणार आहे त्यांची उत्तरे ह्या पुरुषाने खराटा हाती घेऊन आयुष्यभर लिहिली. मार्गात पडलेल्या जखमी मनुष्यास उचलणारा शोमरोनीही परक्याच कुळाचा होता. तरी प्रभूने त्यालाच आपल्यापुढे आदर्श म्हणून ठेविले.

असो. आता आपल्या अंगणाकडे पाहू. गोंदियाच्या मुलुखात धानाची मळणी झाली की लग्नसराई येते. वर्षभराचे कष्ट पोत्यात भरले जातात आणि पुष्कळदा दोन दिवसांच्या मांडवात रिते होतात. स्नानसंस्कार, प्रथम ख्रिस्तप्रसाद, विवाह हे पवित्र प्रसंग. त्यांचा आनंद साजरा करू नये असे ख्रिस्तसभा सांगत नाही. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा प्रभू येशूने यजमानाची लाज राखली, हे शुभवर्तमानच सांगते. अतिथीस तृप्त करणे हेही औदार्यच होय. परंतु शेजाऱ्याच्या मांडवापेक्षा आपला मांडव मोठा असावा म्हणून सहकारी संस्थेचे, बँकेचे किंवा सावकाराचे कर्ज काढणे, आणि त्याच वर्षी मुलीची शाळा सोडविणे, हे औदार्य नव्हे. त्याचप्रमाणे खर्च नको म्हणून शेजारच्या आजाऱ्यास दवाखान्यात नेण्यासाठी दहा रुपये न काढणे, आणि त्यास काटकसर असे गोंडस नाव देणे, हेही आत्मवंचनेचेच लक्षण. दोन्ही ठिकाणी पैसा नको तेथे जाऊन पडला : एकदा मांडवाच्या रोषणाईत, एकदा पेटीच्या तळाशी.

गरिबाने दान कसे करावे, असा प्रश्न कोणी विचारील. मंदिराच्या दानपेटीत दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेकडे प्रभूने बोट दाखविले, ते ह्याच प्रश्नाचे उत्तर आहे. ज्याच्या डोईवर फुटके गाडगे होते त्याने लाखोंच्या धर्मशाळा उभ्या केल्या, ह्याचे कारण त्याच्यापाशी पैसा होता हे नाही. लोकांनी आपला पैसा त्याच्या शब्दावर विश्वासून दिला, कारण त्यातील एक पैही त्याच्या अंगावर दिसली नाही. विश्वास हेच त्याचे भांडवल.

महोत्सवाच्या आनंदात मंडप शोभून दिसो, घंटा वाजोत, पंगती उठोत. त्या पंगतीत ज्यास कोणी बोलाविले नाही अशाचेही एक पान असो. आणि महोत्सवाचा हिशेब लिहिला जाईल तेव्हा खर्चाच्या बाजूस, मंडप व रोषणाई ह्यांच्या बरोबरीने, एखाद्या कुटुंबाचे फिटलेले ऋण, एखाद्या लेकराची भरलेली फी, एखाद्या रोग्याचे आणलेले औषध ह्यांच्याही ओळी दिसोत. मग पन्नासाव्या वर्षाची ती प्राचीन आज्ञा आपल्या धर्मग्रामात पाळली गेली असे म्हणता येईल, आणि सर्व दानांचा दाता जो परमेश्वर, तो ह्या लहानशा देण्यावरही आपला आशीर्वाद ठेवील.